पांढरा कोष

फळमाशीच्या कोषालाही रंग असतो,
हे मला चाळिशीत कळलं.
अमळनेरला, बंद पडलेल्या जिनिंगच्या मागे
पत्र्याची लांब खोली, आत ट्रेच ट्रे,
ट्रेमध्ये कोंड्यातून चाळून काढलेले
बाजरीहून थोडे मोठे जीव.
पांढरा म्हणजे मादी, तपकिरी तो नर.
साहेब लोकांनी जातच अशी घडवली आहे
की पंख फुटायच्या आधी रंग बोलतो.

माझं काम निवडायचं.
पांढरे डाव्या हाताला, गरम पाण्यात.
तपकिरी उजवीकडे, किरणांच्या पेटीत;
तिथून ते बाहेर येतात बापपण हरवून.
पंख मात्र धड, गुणगुण धड, भूक धड.

पहिल्या आठवड्यात डावा हात थांबायचा.
याआधी मी सोनगिरे डॉक्टरांकडे फरशी पुसायचे.
दारावर पाटी होती,
येथे गर्भलिंग तपासणी केली जात नाही.
तीही रोज पुसायचे.
धूळ फार बसायची तिच्यावर.

शेजारच्या ट्रेवरून भटाबाई म्हणाली,
"माश्या शेतस व बहीन, हात चालू दे."

खरंच आहे. माशी ती माशी.
पेरूला टोचते, आत अंडी ठेवते,
वरून फळ हिरवंगार, आतून वळवळ.
नगराजभाऊंनी मागच्या हंगामात
निम्मा माल बोरीच्या काठी ओतला.
फवारे मारून मारून मधमाश्या तेवढ्या गेल्या.

शुक्रवारी उजाडायच्या आत आम्ही सोडायला जातो.
कागदी पिशवीचं तोंड फाडायचं, फांदीला अडकवायची.
अंगावर गुलाबी पूड घेऊन नर निघतात,
हजारो नवरदेव,
एकाचंही घर उभं राहणार नाही.
रानातली माशी त्यांच्यातला एक पसंत करते.
अंडी घालते.
अंडी तशीच बसून राहतात.
तिला कुणी सांगत नाही.

काल नगराजभाऊंनी पेरू कापून पुढे केला,
तिखट-मीठ लावून.
अळी नव्हती.
मी गर उलटापालटा करून पाहिला,
दुसरा कापला. तिसरा.
"काय शोधी ऱ्हायनी, ताई?"

चव चांगली होती, खोटं कशाला बोलू.
चार फोडी रुमालात बांधून घेतल्या लेकीला.
सोमवारी पुन्हा ट्रे.
हात आता सराईत चालतो,
फक्त कधीतरी एखादा पांढरा
दोन बोटांत जरा जास्त वेळ राहतो.