टंच

मुक्ताची परीक्षा सतरा तारखेला.
घरी पाहुणे, म्हणून ती पुस्तकं घेऊन
विट्याच्या पेठेतल्या माझ्या गलाईच्या दुकानात बसते.
तेजाबाचा वास तिला लहानपणापासून ओळखीचा.
मोठ्यानं वाचलं की ध्यानात राहतं म्हणते.
माझे हात कामात. कान मोकळे.

स्पेनची माणसं जहाजातून उतरली, ती वाचते,
आणि त्यांनी एक कागद वाचून दाखवला,
त्यांच्याच भाषेत,
कधी रिकाम्या गावाला, कधी नुसत्या झाडांना:
आजपासून तुम्ही आमच्या राजाची रयत.
'झाडं काय म्हणाली?'
'काका, ते अभ्यासक्रमात नाही.'

मग ती खोली येते.
पकडलेल्या राजानं हात उंच करून रेघ दाखवली:
इथवर सोनं भरतो, मला सोडा.
चांदी भरतो, दोनदा.
भरलं. सोडलं नाही. गळा आवळला.
मुक्ता पान उलटते. मी म्हणतो, थांब.
भट्ट्या किती होत्या?
ती शोधते. नऊ.
दिवस किती?
महिन्याच्या वर.
कोळसा कुणी वाहिला ते लिहिलेलं नाही.
पण वितळवायला बसवले तिथलेच सोनार.
ज्यांनी घडवलं, तेच.

बावीस वर्षं मी सेलमला मूस धरली.
सोनं वितळतं तेव्हा आधी नक्षी जाते,
मग कडा मऊ होतात, मग नाक, डोळे,
मग एकदम हिरवट तळं,
आणि त्या तळ्याला विचारून उपयोग नसतो
तू कुणाच्या गळ्यात होतंस.

भाऊ वेगळे झाले की देवाचे टाक येतात माझ्याकडे,
चांदीचे, खाचांत हळद बसलेले.
मी ती पुसत नाही. आगीला पुसू दे.
खंडोबाच्या घोड्याचे पाय शेवटपर्यंत दिसत राहतात.
तिकडच्या सोनारालाही काहीतरी दिसत राहिलं असेल.
सोन्याचं कणीस होतं म्हणे, चांदीच्या पाल्यात.
आपला मकाही तिकडचाच, मुक्ता सांगते,
असल्याच जहाजांतून आलेला.
कणीस वितळलं. दाणे आले.

पाचवा हिस्सा राजाला.
उरलेलं वाटून घेतलं,
घोडेस्वाराला जास्त, पायदळाला कमी.
हिशेब चोख.
आमच्याच धंद्यातला शब्द.

चहा येतो. दुसरा धडा, दुसरा देश, अडीचशे वर्षं पुढं.
राजा नको म्हणणारी माणसं
ऐन उन्हाळ्यात खिडक्या लावून
राज्यघटना लिहायला बसलीत.
पहिलाच शब्द: आम्ही.
मला आवडतो. पुन्हा वाचायला लावतो.
पुढं तिचा आवाज जरा खाली येतो.
प्रतिनिधी ठरवायला माणसं मोजताना
गुलाम पाचात तीन धरावा.
आणि ते तीनही मालकाच्याच पदरात.

मी चिमटा ठेवतो.
'पाचात तीन. म्हणजे साठ टंच.'
'काका, सोन्याचं नाही चाललंय.'
'मग कसोटीचा दगड कुणाचा होता?'
ती हसत नाही.
समासात पेन्सिलीनं लिहिते, साठ टंच,
आणि खोडते. पेपरात असलं चालत नाही.
कागदावर करडा डाग राहतो.

दिवा मालवायच्या वेळी एक बाई येते, लेंगऱ्याची.
कानातलं एकच. जोडीचं उसात हरवलं.
मी तराजूच्या आधी वही ओढतो.
सेलमचा मालक ह्या खोडीला हसायचा,
लगडीला कुठं नाव असतं?
बाई म्हणते, 'नाव कशाला? सोनं बघा की.'

बघतो.
आधी नाव सांगा.
सगळं सांगा.