आठ बारा

घडी माझ्या हातात असते, म्हणून लोक मला रामराम घालतात,
शंकरपटाच्या दोन दिवसांपुरता.
एरवी मी बोरखेडीच्या शाळेत शिपाई.

त्या वर्षी गुलाबराव काळमेघांच्या दोन जोड्या दाणीवर होत्या.
एक वजीर-पाखऱ्याची, शालिक मसराम हाकायचा.
दुसरी नवी, देखणी, शिंगांना पितळी शेंब्या.
तिला पाहायला आर्वीहून गिऱ्हाईक आलं होतं,
गॉगल लावून, खुर्ची उलटी करून बसलेलं.

जू चढवताना गुलाबराव वाकले, हळूच म्हणाले,
"निम्म्यात कासरा जरासा ओढजो.
आज तिले जिंकू दे. तुह्या पैशाले धक्का नाई."

शालिकनं तंबाखू थुंकली.
"बैल तुमचे, ढेप तुमची, छकडा तुमचा.
पण सुटल्यावर मालक कोण, ते त्याईलेच इचारा."

झेंडी पडली.
मला दिसली ती धूळ,
आणि धुळीतून पुढं आलेलं एक पांढरं कपाळ.
आठ एकोणीस.

गुलाबरावांनी एका हातानं ढाल घेतली,
दुसऱ्या हातानं शालिकच्या खांद्यावरचा दुपट्टा ओढून घेतला.
त्यावर काळमेघांचं नाव होतं.
भोंग्यावरून पुढच्या जोडीचा नंबर पुकारला.

दुसऱ्या वर्षी वजीर-पाखऱ्याला घेऊन पुतण्या आला.
शालिक दाणीच्या टोकाला, तुरीच्या धुऱ्यावर,
पाठ करून बसलेला, शेंगा सोलत.
जोडी सुटली तेव्हाही वळला नाही.

पट मोडल्यावर मी त्याच्याकडे गेलो.
"किती?"
"आठ एकतीस," मी म्हणालो.
अठरा वर्षांत घडीच्या नावावर एवढंच खोटं बोललो.

त्यानं मांडीवरची टरफलं झटकली.
"आठ बारा. खुरं मोजली म्या.
पोट्टा भेला असन, कासरा ढिला सोडून बसला.
आज त्याईले कोणी हाकलंच नाई."

कौतुक होतं की दुसरंच काही, मला कळलं नाही.
मग तो पहिल्यांदा दाणीकडे वळला.
चाकांच्या दोन रेघा पार टोकापर्यंत गेलेल्या,
कुठं ओढल्याची खूण नव्हती.

अंधारून आलं होतं.
मला शाळेच्या सतरंज्या मोजून परत न्यायच्या होत्या.
दोनदा मोजल्या.
एक कमीच भरली.