बूच

पूल झाला, फेरीबोट गेली,
शिवोलीचा धक्का तेवढा राहिला.
नदीत उतरत जाणारा तो सिमेंटचा उतार
आता कुणाचाच नाही, म्हणजे सगळ्यांचा.
गळ टाकून बसणाऱ्यांचा, स्कूटर धुणाऱ्यांचा,
आणि रविवारी जीपमागं होडी बांधून येणाऱ्या
आम्हा दोघांचा, माझा नि मेव्हण्याचा.

होडी बेतीहून आणलेली, फायबरची, जुनी.
निळ्या रंगाखालून आधीच्या कुणा बाईचं नाव
अर्धंमुर्धं वाचता यायचं: ‘…लीना’.
कृपेश म्हणाला, राहू दे, आपलीच कुणीतरी म्हणायची.
नारळ फोडला. नाकाडाला अबोलीची माळ घातली.
खुंट्यावर बसलेला रुझार,
सव्वीस वर्षं फेरीवर दोर फेकलेला माणूस,
विडी विझवत म्हणाला, “सगळं बघितलं?”
“सगळं,” आम्ही म्हणालो.

होडी पाण्यावर काय दिसली म्हणून सांगू!
दहा मिनिटं.
मग घसरून आत पडलेली माळ
होडीच्या आतच तरंगू लागली,
एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडं,
अगदी सावकाश, जत्रेतून फिरल्यासारखी.
तेवढ्यात बायकोचा फोन:
तुमच्या पँटीच्या खिशात हे रबराचं काय आहे,
धुवायला टाकू की ठेवू?

पुढच्या रविवारी बूच गळ्यात, ताइतासारखं.
यावेळी दोर विसरला.
म्हणजे दोर होता,
पण माझ्या मते कृपेशच्या हातात, त्याच्या मते माझ्या.
लीना एकटीच पुलाखालून पलीकडं निघाली,
माहेरी निघालेल्या बाईसारखी, मागं न बघता.
‘दोर तुझ्याकडं होता ना?’
हे वाक्य मग आमच्यात राहायलाच आलं.
बँकेचा हप्ता चुकला तेव्हा तेच,
सासऱ्यांची औषधं संपली तेव्हाही.

शेवाळाचं तर विचारूच नका.
पाण्यालगतचा हिरवा पट्टा
उन्हात किती मऊ दिसतो.
त्याच्यावरून जीप गेली, हँडब्रेकसकट,
कसलाही आवाज न करता, दिवे पाण्यात जाईतो.
रुझार धावला नाही. दगड घेऊन चालत आला.
“फातर घाल रे चाकाफाटल्यान.
हँडब्रेक म्हणजे सरकारचा शब्द.”

एकच गोष्ट त्यानं स्वतःहून शिकवली.
धक्का पाण्याखाली कुठंतरी संपतो,
आणि जिथं संपतो तिथं हातभर खड्डा आहे.
भरतीला कळत नाही.
सुकतीला तिथं चाक गेलं की गाडा परत येत नाही,
क्रेन आणावी लागते, म्हापशाहून, आणि शिव्या फुकट.
म्हणून खुंट्यावर त्यानं चुन्याची एक रेघ ओढलेली.
पाणी रेघेच्या खाली असेल तर
घरी जायचं, जेवायचं, झोपायचं.

कृपेश आता स्विंडनला, गोदामात, रात्रपाळीला.
लीना माझ्या परसात उपडी, तिच्याखाली मांजर व्याली.
रुझार गेला, श्रावणात, धो धो पाऊस असताना.
चुन्याची रेघ दर वर्षी मीच पुन्हा ओढतो,
जरा वर की जरा खाली, खात्री नाही.
त्यानं कुठून मोजलं होतं
हे विचारायचं राहून गेलं.

काल परराज्याच्या नंबराची गाडी आली,
मागं पांढरीशुभ्र होडी, माझ्या घरापेक्षा उंच.
मी खुंट्यावरून उठलो. काच खाली झाली.
“बूच?” मी विचारलं.
त्यानं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं,
खिशात हात घातला
आणि वीसची नोट पुढं केली.

घेतली मी.
आणि दगड शोधायला गेलो.