पिशवी दाबण्याची वेळ

दर तीन महिन्यांनी मला आतून बघतात.
गाठ काढली, ती परत उगवली का, ते.
उगवते कधीकधी, म्हणतात.
पाहुण्यासारखी नाही, वसुलीवाल्यासारखी.

पहिल्या वेळी, कंपूकडच्या दुसऱ्याच एका दवाखान्यात,
कुणी काही बोललंच नव्हतं.
जेल भरलं आणि लागलीच नळी.
‘ढीला छोड़िए, ढीला छोड़िए’,
पण ढिलं कसं सोडतात
हे चौसष्टाव्या वर्षापर्यंत
कोणी शिकवलेलं नसतं पुरुषाला.
मी दात आवळले. दातांबरोबर बाकीचंही सगळं आवळलं गेलं.
घरी येऊन म्हटलं, काही नाही रे, मुंगी चावल्यासारखं.
मुलानं मान हलवली. विषय संपला.
रात्री मोरीत उभा, भिंतीला कपाळ टेकून,
थेंब थेंब निखारे.

आता सिस्टर तोमर.
भिंडकडची बाई, आवाज शेताच्या बांधावरून हाक मारल्यासारखा,
पण जेल इतकं सावकाश सोडलं तिनं
की माझे मनात वीस आकडे मोजून झाले.
मग म्हणाली, अब दस मिनट. घड़ी आप भी देखो, मैं भी देखूँ.
दहा मिनिटं!
डॉक्टर भदौरिया दारात येऊन परत गेले,
तिनं नुसता हात वर केला होता.
बधिरपणा हळूहळू आला,
थंडीत पाय अवघडतो तसा, न सांगता.

मग टीव्ही माझ्याकडे वळवला.
‘देखते रहिए, बिडवेजी.’
गुलाबी बोगदा. ओला, चमकणारा.
एकतीस वर्षं मी मोतीझीलच्या पाणीखात्यात काढली,
मोठ्या व्हॉल्व्हवर.
पाइपाच्या आत काय चाललंय ते
लोखंडाला कान लावून ओळखायचो,
डोळ्यांनी कधी पाहिलं नव्हतं.
‘पायाची बोटं हलवा’, असं सांगितलं, हलवली.
सदुसष्ट वर्षांचा बाप्या
पाळण्यातल्यासारखी बोटं हलवतोय,
माझं मलाच हसू आलं,
आणि हसताना नळी बरीच पुढे गेलेली.

मग ते वळण.
पडद्यावर एक बंद मूठ.
‘अब’, डॉक्टर म्हणाले,
आणि सिस्टरनं वर टांगलेली सलाइनची पिशवी
दोन्ही हातांनी दाबली.
‘पेशाब करो दादा. यहीं. शरम काहे की.’

अरे, हे तर माझंच काम!
किती पोरांना ओरडलो असेन,
हातभर पान्याला लोंबकळणाऱ्या:
जोर लावू नको गाढवा,
आधी पलीकडे पाणी भरू दे,
दोन्ही बाजूंचा दाब सारखा होऊ दे,
मग चाक दोन बोटांनी फिरतं.
इतकी वर्षं सांगत होतो
आणि स्वतःच्या दारावर मात्र
आतून खांदा लावून उभा.

मी सोडलं.
मूठ उघडली.
दुखलं का? दुखलं, खोटं कशाला बोलू.
पण दात आवळायच्या आत संपलं.
पलीकडे तिघरा, वैशाखातला,
संथ, काठाशी बारीक लाल शिरा,
आणि जुन्या जखमेचा पांढरा चट्टा.
डॉक्टर त्याच्याभोवती फिरले, दोनदा.
मी तेव्हा बोटं हलवायची विसरलो.
‘साफ है.’

बाहेर बाकावर एक ट्रकवाला पोरगा,
पालथे तळवे मांड्यांखाली दाबून बसलेला.
त्याच्या कानाशी वाकलो:
पिशवी दाबतील ना, तेव्हा मूत. लाजू नको.
आणि टीव्ही बघ.
तो मला वेडा समजला असावा.

तीन लिटर पाणी प्या म्हणाले.
आज नळाचा दिवस नाही, टाकीतलं गाळून ठेवलंय.
संध्याकाळी मुलगा कामावरून आला.
त्यानं विचारलं नाही.
मीच सांगत सुटलो: दहा मिनिटं, वळण, पिशवी, सगळं.
तो बूट काढून दारातच उभा राहिला,
हेल्मेट हातात,
खाली बघत.
मोज्यात त्याची बोटं हलत होती.