कंदील चौक

डिसेंबरात आधी उद्गारचिन्हं संपली,
मग ळ.
लढाई तेरा-चौदा दिवसांची, पण आमच्या चार पानी दैनिकात
गोळे, गोळ्या, दळ, बळ, काळ, बळी,
एवढ्या ळची केसला सवय नव्हती.
प्रश्नचिन्हांचा कप्पा तेवढा भरलेला,
त्यावर धूळ.

संपादक उभ्या उभ्या अग्रलेख सांगायचे,
मी खिळे जुळवायचो, आरशातल्यासारखे.
संध्याकाळी भद्रकालीतली माणसं तोच अंक
खळ लावून खिडकीला चिकटवायची,
उजेड बाहेर जाऊ नये म्हणून.
आमचं मत कुणाच्या उपयोगी पडलं ते तेव्हाच.

मग तार आली. सिन्नरकडचा शिपाई,
सखाहरी कहांडळ.
फोरमन म्हणाला, ल लाव,
गेलेला माणूस वाचायला येत नाही.
लावला.
खाली चौकटीत, 'हे शहर त्याला विसरणार नाही.'
तेही मीच जुळवलं.
त्या वाक्याला एकही ळ लागत नाही.

जानेवारीत पुण्याहून ळ आले, पुडीभर.
तोवर नगरपालिकेने कात्रण समोर ठेवून
संगमरवर कोरून घेतला होता.

उन्हाळ्यात त्याची बायको आली, गयाबाई,
पेन्शनचे कागद पिशवीत.
रडगाणं घेऊन नाही आले, म्हणाली,
पण साहेब विचारतो, कहांडळ कोण नि कहांडल कोण,
दोन माणसं मेली का?
दुरुस्ती छापली. पान चार, सिनेमाच्या जाहिरातीखाली,
दोन ओळी.
दगडाला कुठलं पान चार.

पुढे कंडक्टरांनी ह गाळला,
उरलेलं रिक्षावाल्यांनी वळवून घेतलं.
परवा रविवारच्या पुरवणीत एका विद्वानांनी लिहिलं,
युद्धात सारं नाशिक काळोखात असताना
या चौकात म्हणे एक कंदील तेवत होता,
शहराच्या जिद्दीचा.
छान लिहिलंय. मी दोनदा वाचलं.
ब्लॅकआउटमध्ये कंदील लावला असता तर
वॉर्डनने काठीनेच फोडला असता, एवढंच.

पत्र धाडलं, अडीच पानी. छापून आलं:
'लेख आवडला. — एक ज्येष्ठ वाचक.'

देवळालीला तोफांचा सराव असला
की आमची जुनी काच अजून थरथरते.
कोपऱ्यात कागदाचा पापुद्रा राहिलाय,
खरवडून निघाला नाही.
त्यावर '…रणार नाही' एवढंच.

गयाबाईच्या नातवाचं दुकान आहे तिथे.
पाटीवर: कहांडळ टायर्स.
पत्ता: कंदील चौक.
मी खिशातून खिळा काढून त्याच्या तळहातावर ठेवला,
त्या पुडीतला, पन्नास वर्षं जपलेला.
त्याने उलटसुलट करून पाहिला,
नखाने खरवडला.
शिसं ना हे, काका?
व्हील बॅलन्सिंगला चालेल.