पंपघराची वही

पाच रात्री आम्ही बर्फ पाडला.
म्हणजे तळ्यातलं पाणी उपसून
तोफांच्या तोंडून अंधारात उडवलं,
खाली येईतो ते पांढरं झालं.
स्ताने कोटाची बाही पुढे धरायचा:
कण टणकन उडाला तर ठीक,
चिकटून भिजवलं तर पाणी कमी कर.

सहाव्या रात्री दक्षिणेचा वारा.
आधी वास आला, कुजक्या पाचोळ्याचा, ऐन डिसेंबरात,
मग पत्र्यावर पाऊस. पारा सातवर.
येरनेया म्हणाली, ढीग पसरून टाकू,
शनिवारी पोदलोमच्या शाळेची पोरं येणार.
स्ताने म्हणाला, नको. पसरलेलं आधी जातं.
ती काही बोलली नाही. तिकिटांचा गठ्ठा
पुन्हा खणात ठेवला.

सकाळी उतारावर गवत होतं,
झोपेतून उठवल्यासारखं.
खांबाखाली एक लाल हातमोजा, कुणाचा, कधीचा.
आणि चार ढीग, राखाडी,
पावसाकडे पाठ करून बसलेल्या गाईंसारखे.

दुपारी पाऊस थांबला. पारा शून्यावर.
पण हवा अजून पिळून काढावी इतकी ओली,
अशा हवेत थेंब थेंबच राहतो.
उणे चार तरी हवं, स्ताने म्हणाला,
आणि बाही झटकली, सवयीनं.

मी तळ्याची पट्टी बघायला गेलो.
दोन हात उतरलेलं पाणी
काठाला टेकलं होतं.
डोंगरावर चढवलेलं तेच असणार, बरंचसं,
पावसाला सोबत घेऊन
ओहोळानं घरी आलेलं.

आकडा वहीत लिहिला.
वहीत रकाने तीन: पाणी, वीज, तास.
बर्फाचा रकाना
कुणी आखलेलाच नाही.