बद्द

वर्षभरात तीन वेळा बेअरिंग बदलून झाली.
दोनदा लेझर लावून शाफ्टची रेघ जुळवली.
मग कंपनीने तिकीट काढून मला बोलावलं
ईरीला, पेनसिल्व्हेनियात,
जिथे तळ्याला पलीकडचा काठ दिसत नाही
आणि मार्च संपत आला तरी पार्किंगमधला बर्फ
काळा पडून बसलेला असतो, उठायचं नाव नाही.

कॉम्प्रेसर नंबर चार.
फोर्ज शॉपच्या घणांना हवा पुरवणारा.
जवळ उभं राहिलं की तो आधी दातांना कळतो,
कानांना नंतर.

सोबतीला लेनर्ड विचोरेक दिलेला, जुना फिटर,
निवृत्तीला सात आठवडे.
टोपी मागे सारून म्हणाला, "बेअरिंगच असणार."
"असेलही," मी म्हटलं, आणि बॅग उघडली.

सेन्सर फ्रेमवर टेकवला: सात.
हातभर खाली, काँक्रीटवर: एक.
आठ बोल्टांपैकी पाचांपाशी हीच कथा.
वरचं उठत होतं, बसत होतं,
आणि खालच्याला त्याची खबर नव्हती.

मग आकडे बाजूला ठेवले. टॉर्च घेऊन पोटावर पडले.
फ्रेम आणि ग्राउटच्या सांध्यात तेलाची काळी रेघ,
रेघेवर एकच बुडबुडा,
फुगतोय, बसतोय, फुगतोय, बसतोय,
सेकंदाला चार वेळा, न चुकता.
लेनर्डही शेजारी आडवा झाला, गुडघ्यांना शिव्या देत.
बराच वेळ बघत राहिला.
बेअरिंगचं नाव त्यानंतर त्याने काढलं नाही.

शनिवारी यंत्र थांबवलं.
इतकं शांत झालं
की छपरावरून बर्फ घसरल्याचं ऐकू आलं.
मी लहान हातोडी घेतली
आणि ग्राउटवर वीतवीत ठोकत निघाले.
टण. टण. टण.
बद्द.
अर्धी वीत मागे. टण.
पुन्हा पुढे. बद्द.

आई विट्याच्या बाजारात मडकं असंच घ्यायची,
वाकवलेल्या बोटाचं पेर मारून, मान तिरकी करून.
कुंभार शपथा घालत राहायचा,
ती फक्त मडक्याचं ऐकायची.
लेनर्डला हे सांगितलं.
या आवाजाला त्यांच्यातही शब्द आहे, ढोलावरून आलेला.
"तुमचा कोणता?"
"बद्द."
"बॅड," तो म्हणाला. तेही चाललं असतं.

जिथे बद्द तिथे खडूची फुली.
दुपारपर्यंत एकसष्ट झाल्या.
मोटारीच्या बाजूला तुरळक,
सिलिंडरखाली तर पाय ठेवायला जागा नाही.

न विचारता तो बोलायला लागला.
"अठ्ठ्याहत्तरचा जानेवारी. माझं पहिलंच वर्ष.
मी आणि माझा भाऊ एडी.
फोरमनला सोमवारी चालू हवं होतं.
जुन्या काँक्रीटचा माथा खरवडायचा असतो,
म्हणजे नवं धरतं. माहीत होतं आम्हाला.
पण हात बधिर झालेले. तसंच ओतलं.
वर घोंगड्या घातल्या, रात्रभर दिवे लावले,
एडीने त्याच दिव्यावर सूप गरम केलं."
खडू त्याच्या हातात होता. तो तुटला.
"एडी फ्लोरिडात असतो आता.
त्याला कळवायची गरज नाही, हो ना?"

अहवालात मी लिहिलं:
पृष्ठभाग खरवडला गेलेला नाही.
सांध्यात तेल शिरलेलं आहे.
वरचा दहा इंचांचा थर तोडून पुन्हा ओतावा,
बोल्ट नवे आणि लांब घालावेत,
आणि चार दिवस कोणीही घाई करू नये.
शेवटची ओळ मॅनेजर कापेल, ठाऊक आहे.
कोणी खरवडला नाही, ते लिहिलं नाही.
कर्मणी प्रयोगात करणाऱ्याला
आडोसा मिळतो, कुठल्याही भाषेत.

निघताना काचेतून पाहिलं.
लेनर्ड झाडत होता:
तेलकट भुसा, चिंध्या, माझे कॉफीचे कप.
फुल्यांना वळसा घालून झाडू फिरवत होता,
एकही पुसू न देता,
आणि मध्येच थांबून
बुटाच्या टाचेने
एकदा
ठोकून बघत होता.